सुट्टीची तारीख येते कुठून? वर्षभराची यादी करणाऱ्या नवख्यांसाठी

पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी करायची म्हटली की नवखा माणूस गेल्या वर्षीची यादी उघडतो आणि तारखा थोड्या मागेपुढे करतो. बऱ्याच सुट्ट्यांना हे खपून जातं. उरलेल्या चुकतात, आणि चूक कळते ती नेमकी त्याच दिवशी: माल बंद गोदामाच्या दारात उभा राहतो, पगार बँक बंद असताना जमा करायचा ठरलेला असतो, बैठकीला समोरून कुणी येतच नाही. तारीख हे शेवटचं उत्तर असतं. त्यामागे तीन गोष्टी असतात: दिवस काढायचा नियम, तो दिवस साप्ताहिक सुट्टीवर आला तर काय करायचं याचा नियम, आणि हे सगळं जाहीर करणारं कार्यालय. या तिन्हींची नोंद ठेवली की पुढच्या वर्षीचं काम एका दुपारचं होतं.

म्हणून तक्ता आखताना सात रकाने ठेवा: देश व प्रदेश, सुट्टीचं नाव, नियम, मूळ दिवस, पाळायचा दिवस, आधार, स्थिती. मूळ दिवस आणि पाळायचा दिवस एकाच रकान्यात कोंबायचा मोह होतो. तो टाळा, सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात.

पहिली पायरी: आधार शोधा

सुट्टी कोणी ठरवली हे आधी लिहा, तारीख नंतर. काही सुट्ट्या कायद्यातच असतात, काही दरवर्षी नव्याने जाहीर कराव्या लागतात. ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकार शेजारीशेजारी नांदतात. १९७१ च्या कायद्यात बहुतेक बँक हॉलिडे आहेत, पण मे महिन्याच्या पहिल्या सोमवारची सुट्टी त्यात नाही; ती दरवर्षी राजघोषणेने येते. इंडोनेशियात तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने वर्षाची यादी निघते. चीनमध्ये कोणत्या सुट्ट्या हे नियमावलीत असतं, पण त्यांची प्रत्यक्ष मांडणी राज्य परिषदेच्या सूचनेने आदल्या वर्षाच्या अखेरीस कळते.

मग ती सुट्टी कुणाला लागू आहे ते पाहा. ‘राष्ट्रीय सुट्टी’ या शब्दावर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या संघीय सुट्ट्या संघीय कार्यालयांना लागू असतात. खासगी मालकाने त्या द्यायलाच हव्यात असं संघीय कायदा सांगत नाही. जर्मनीत संघराज्याच्या पातळीवर ठरलेली सुट्टी एकच, ३ ऑक्टोबर. बाकीच्या प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवतं, त्यामुळे एका राज्यात सुट्टी आणि नदीपलीकडच्या राज्यात कामाचा दिवस, असं नेहमी घडतं. भारतात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीन तारखा सर्वत्र पक्क्या; त्यापुढे केंद्राची यादी वेगळी, राज्यांची वेगळी, आणि बँकांची १८८१ च्या पराक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स, म्हणजे धनादेश-हुंड्यांविषयीच्या) कायद्याखालच्या अधिसूचनेनुसार. तेव्हा देशाच्या रकान्यात प्रदेशही लिहा, आणि यादी कार्यालयासाठी आहे, बँकेसाठी की कारखान्यासाठी, हे वरच नोंदवा.

दुसरी पायरी: नियमांचे ढीग करा

सुट्ट्यांची नावं शेकडो, पण दिवस काढायच्या तऱ्हा मोजक्या आहेत: ठरलेली तारीख, महिन्यातला अमुकावा वार, अमुक तारखेजवळचा वार, ईस्टरपासून मोजलेला दिवस, चंद्रावरून ठरणारा दिवस, आणि सूर्यावरून ठरणारा. प्रत्येक सुट्टी यातल्या एका ढिगात टाका. एखादी कुठेच बसली नाही तर ती बहुधा हाताने ठरवलेली असते. न्यूझीलंडची मातारिकी, म्हणजे माओरी नववर्षाची सुट्टी, हे उत्तम उदाहरण. २०२२ च्या कायद्यात २०२२ ते २०५२ पर्यंतच्या सगळ्या तारखाच परिशिष्टात छापल्या आहेत: २०२५ ला २० जून, २०२६ ला १० जुलै, आणि नेहमी शुक्रवार. अशा सुट्टीसाठी सूत्र शोधत बसू नका, परिशिष्ट उतरवून घ्या.

तिसरी पायरी: मूळ दिवस काढा

ठरलेल्या तारखेत काढायचं काही नाही, पण तारीख कोणत्या पंचांगातली हे मात्र पाहा. जुन्या ज्यूलियन पंचांगातला २५ डिसेंबर सध्या ग्रेगोरियन, म्हणजे आपल्या रोजच्या कॅलेंडरातल्या, ७ जानेवारीला येतो, म्हणून काही देशांत नाताळची सुट्टी त्या दिवशी असते. २१०० हे वर्ष ज्यूलियन गणनेत लीप आणि ग्रेगोरियनमध्ये साधं, त्यामुळे २१०१ पासून हाच दिवस ८ जानेवारीला जाईल. इथिओपियाचं नववर्ष ११ सप्टेंबरला असतं, पण आपल्या लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ ला. ‘ठरलेली तारीख’ इतकीही ठरलेली नसते.

वाराच्या नियमासाठी पट्टे पाठ करा. पहिला सोमवार १ ते ७ मध्येच येतो, दुसरा ८ ते १४, तिसरा १५ ते २१, चौथा २२ ते २८. शेवटचा वार ३१ दिवसांच्या महिन्यात २५ ते ३१, ३० दिवसांच्या महिन्यात २४ ते ३०. उत्तर पट्ट्याबाहेर गेलं की गणित चुकलंच. अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. १ नोव्हेंबर २०२६ ला रविवार, म्हणजे पहिला गुरुवार ५ ला. २१ मिळवले की २६. चौथा आणि शेवटचा हे एकच समजण्याची चूक फार जुनी आहे. २०२९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आहेत. चौथा २२ ला, शेवटचा २९ ला. याच फरकावरून १९३९ मध्ये अमेरिकेत मोठा गोंधळ झाला होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुट्टी शेवटच्या गुरुवारवरून एक आठवडा अलीकडे आणली, काही राज्यांनी मानली, काहींनी नाही. शेवटी १९४१ मध्ये कायद्याने ‘चौथा गुरुवार’ असं लिहून वाद मिटवला.

‘जवळचा वार’ या ढिगात शब्द न् शब्द वाचावा लागतो. कॅनडाचा व्हिक्टोरिया डे म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार. २०२६ मध्ये २५ मे स्वतःच सोमवार आहे; तो धरायचा नाही, सुट्टी १८ मेला. स्वीडनमध्ये मध्य-उन्हाळ्याची सुट्टी २० ते २६ जूनमधल्या शनिवारी, तिथे दोन्ही टोकं धरायची. ‘आधीचा’, ‘पासून’, ‘पर्यंत’ या शब्दांचं भाषांतर करताना टोक आत की बाहेर हे तक्त्यात स्पष्ट लिहा.

आता ईस्टर. इथे नवखे उगीच घाबरतात. व्याख्या अशी: २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. मात्र ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या कोष्टकातली. २०१९ मध्ये वसंतसंपात (दिवस-रात्र समान होण्याचा क्षण) २० मार्चला झाला आणि खरी पौर्णिमा काही तासांतच, २१ मार्चला. आकाश पाहून मोजणाऱ्याने ईस्टर मार्चमध्येच धरला असता. कोष्टकातली पौर्णिमा २० मार्चची, म्हणजे एक दिवस आधीच होऊन गेलेली, म्हणून ईस्टर २१ एप्रिलला आला. तेव्हा खगोलाची साधनं बाजूला ठेवा आणि हे गणित करा. १९०० ते २०९९ पर्यंत ते चालतं.

वर्षाला १९ ने भागून बाकी घ्या. २०२७ साठी ती १३. तिला १९ ने गुणा, २४ मिळवा, ३० ने भागून बाकी घ्या: २४७ आणि २४ मिळून २७१, बाकी १. हा पहिला आकडा. आता वर्षाला ४ ने भागून आलेल्या बाकीची दुप्पट (३ ची ६), ७ ने भागून आलेल्या बाकीची चौपट (४ ची १६), पहिल्या आकड्याची सहापट (६) आणि वर ५ अशी बेरीज करा. आले ३३, ७ ने भागून बाकी ५. हा दुसरा आकडा. २२ मार्चमध्ये दोन्ही आकडे मिळवा: २२ + १ + ५, म्हणजे २८ मार्च. बेरीज ३१ च्या पुढे गेली तर ३१ वजा करून एप्रिल धरा.

दोन अपवाद आहेत आणि ते गाळले तर चूक वर्षानुवर्षं लपून राहते. उत्तर २६ एप्रिल आलं तर १९ एप्रिल धरा. पहिला आकडा २८ आणि दुसरा ६ असेल, म्हणजे उत्तर २५ एप्रिल येईल, तेव्हा १८ एप्रिल धरा. या शतकात दुसरा अपवाद २०४९ ला लागतो आणि पहिला २०७६ ला.

ईस्टर मिळाला की बाकीचं मोजणं सोपं: गुड फ्रायडे दोन दिवस आधी, ईस्टर सोमवार एक दिवसाने, स्वर्गारोहण ३९ दिवसांनी, पेंटेकॉस्टचा सोमवार ५० दिवसांनी, कॉर्पस क्रिस्ती ६० दिवसांनी. स्वर्गारोहणाला ‘चाळिसावा दिवस’ म्हणतात, पण त्यात ईस्टरचा दिवसही मोजलेला असतो. ४० मिळवणाऱ्याची सुट्टी शुक्रवारी पडते. गुरुवार आला नाही तर तिथेच थांबा. कोलंबियात मात्र ही सुट्टी पुढच्या सोमवारी ढकलतात, म्हणून तिथे ४३. ग्रीस, रोमानियासारख्या देशांत ऑर्थोडॉक्स ईस्टर चालतो. तो ज्यूलियन कोष्टकावरून काढतात. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले, तर २०२७ मध्ये एक २८ मार्चला आणि दुसरा २ मेला आहे. ‘गेल्या वर्षी सारखेच होते’ हे कारण इथे चालत नाही.

चंद्रावर चालणाऱ्या तारखा

हा ढीग सगळ्यात जास्त वेळ खातो. इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. म्हणून ईद दरवर्षी १० ते १२ दिवस अलीकडे येते. परिणाम असा की साधारण ३३ वर्षांत ती सगळ्या ऋतूंतून फिरते, आणि मध्येच एखाद्या वर्षात दोनदा येते. २००० मध्ये ईद-उल-फित्र जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात होती. २०३३ मध्ये तसंच होणार आहे. ‘एका नावाची सुट्टी वर्षात एकदाच’ असं गृहीत धरलेला तक्ता किंवा संगणकाचा प्रोग्रॅम त्या वर्षी दुसरी ईद गिळून टाकतो.

दुसरा प्रश्न चंद्रदर्शनाचा. तुर्कस्तान आणि सिंगापूरसारखे देश गणिताने आधीच तारीख देतात. जिथे प्रत्यक्ष चंद्र पाहून निर्णय होतो, तिथे ईद-उल-फित्र आदल्या संध्याकाळीच पक्की होते. ईद-उल-अझहा मात्र महिन्याच्या दहाव्या दिवशी असल्याने साधारण दहा दिवस आधी कळते. या फरकाचा फायदा घ्या: पहिलीसाठी दोन्ही संभाव्य दिवसांची जुळवाजुळव आधीच करून ठेवा, दुसरीसाठी त्या इस्लामी महिन्याच्या पहिल्या दिवशी एकदा खात्री करा.

चांद्र-सौर पंचांगांत अधिक महिना घालून चंद्र आणि ऋतू यांचा मेळ राखला जातो, त्यामुळे सण ठरावीक पट्ट्यात राहतो. चिनी नववर्ष साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या आसपास येतं. चिनी महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो, आणि इथली खरी मेख म्हणजे प्रमाणवेळ. अमावास्येचा क्षण जगभर एकच, पण त्या क्षणी दोन राजधान्यांत वेगवेगळी तारीख असू शकते. १७ फेब्रुवारी २००७ ला अमावास्या आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार १६ वाजून १४ मिनिटांनी झाली. बीजिंगमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून १८ तारीख लागली होती, हनोईत अजून १७ च होती. म्हणून व्हिएतनामचं चांद्र नववर्ष, तेत, एक दिवस आधी आलं. १९८५ मध्ये याच कारणाने अधिक महिना वेगळ्या जागी पडला आणि फरक एक महिन्याचा झाला: व्हिएतनामला २१ जानेवारी, चीनला २० फेब्रुवारी. एका देशाची तारीख शेजारच्या देशाला चिकटवू नका.

तिथीवर चालणाऱ्या सणांत आणखी एक पदर असतो: तिथी दिवसाच्या कोणत्या प्रहरात हवी. २०२४ मध्ये आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली, आणि प्रदोषकाळी अमावास्या कोणत्या दिवशी धरायची यावर मतं फुटली. केंद्र सरकारच्या यादीत दिवाळी ३१ ऑक्टोबरला होती, महाराष्ट्राच्या यादीत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. अशा वेळी पंचांग कोणाचं बरोबर हा वाद यादी करणाऱ्याने अंगावर घेऊ नये. जिथली यादी, तिथलं राजपत्र.

सूर्यावरून ठरणाऱ्या सुट्ट्या कमी आहेत. जपानमध्ये वसंत आणि शरद संपाताच्या सुट्ट्यांची तारीख आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजपत्रात येते. इराणमध्ये संपाताचा क्षण तेहरानच्या मध्यान्हाआधी आला तर तोच दिवस नवरोज, नंतर आला तर दुसरा.

चौथी पायरी: पाळायचा दिवस

मूळ दिवस साप्ताहिक सुट्टीवर पडला की देशोदेशी तऱ्हा निराळ्या. फ्रान्स आणि जर्मनीत सुट्टी सरळ बुडते. भारताच्या केंद्रीय यादीतही बदली सुट्टी मिळत नाही. अमेरिकेत शनिवारची सुट्टी संघीय कर्मचाऱ्यांना शुक्रवारी, रविवारची सोमवारी. यातून एक गमतीदार सापळा तयार होतो: १ जानेवारी २०२२ ला शनिवार होता, म्हणून सुट्टी पाळली गेली ३१ डिसेंबर २०२१ ला. २०२२ च्या यादीत ती शोधणाऱ्याला सापडतच नाही. २०२७ च्या अखेरीस पुन्हा हेच होईल, कारण १ जानेवारी २०२८ ला शनिवार आहे. यादी करताना नेहमी पुढच्या वर्षाचा पहिला आठवडाही मोजून घ्या. आणि त्याच अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह बँका मात्र शनिवारच्या सुट्टीबद्दल आदल्या शुक्रवारी बंद राहत नाहीत.

लागोपाठच्या सुट्ट्यांत बदली दिवस एकमेकांवर आदळतात. ब्रिटनमध्ये २०२१ ला २५ डिसेंबर शनिवारी आणि २६ रविवारी होता. बदली मिळाली सोमवार २७ आणि मंगळवार २८. २०२२ ला २५ रविवारी, २६ सोमवारी. सोमवार आधीच सुट्टीचा, म्हणून नाताळची बदली मंगळवार २७ ला गेली. नियम असा लिहा: ‘पुढचा कामाचा दिवस, जो स्वतः सुट्टी नाही’. नुसतं ‘पुढचा सोमवार’ लिहिलं तर एक सुट्टी हरवते.

साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारच असते हेही गृहीत धरू नका. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवार सोडून शुक्रवार-शनिवार धरला. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शुक्रवार-शनिवार सोडून शनिवार-रविवार.

काही देश वार सोयीचा व्हावा म्हणून सुट्टी मुळातच हलवतात. अर्जेंटिनात हलवता येणारी सुट्टी मंगळवारी-बुधवारी आली तर आधीच्या सोमवारी जाते, गुरुवारी-शुक्रवारी आली तर पुढच्या सोमवारी. इस्रायलचा स्वातंत्र्यदिन ज्यू पंचांगातल्या इय्यार महिन्याच्या ५ तारखेचा. तो शुक्रवारी किंवा शनिवारी आला तर गुरुवारी अलीकडे घेतात, सोमवारी आला तर मंगळवारी ढकलतात, म्हणजे शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवसाचा स्मृतिदिन एकमेकांत अडकत नाहीत.

पाचवी पायरी: मधले दिवस आणि अदलाबदल

जपानमध्ये दोन सुट्ट्यांच्या मध्ये एकच कामाचा दिवस उरला तर तोही सुट्टी होतो. २०२६ मध्ये सप्टेंबरचा तिसरा सोमवार २१ ला आणि शरद संपात २३ ला आहे, म्हणून २२ आपोआप सुट्टी. म्हणजे जपानची यादी एका फेरीत पूर्ण होत नाही: आधी मूळ दिवस, मग बदली, मग मधले दिवस, याच क्रमाने.

चीनमध्ये उलटा प्रकारही आहे. लांब सुट्टी जुळवायला जवळचा शनिवार किंवा रविवार कामाचा करतात. २०२५ च्या वसंतोत्सवासाठी रविवार २६ जानेवारी आणि शनिवार ८ फेब्रुवारी हे कामाचे दिवस होते. तक्त्यात फक्त सुट्ट्या असतील तर हे दिवस नोंदवायला जागाच नाही, म्हणून ‘कामाचा दिवस’ असाही एक प्रकार ठेवा.

सहावी पायरी: स्थिती लिहा आणि पुन्हा तपासा

स्थितीच्या रकान्यात चारपैकी एक शब्द पुरतो: पक्की, अंदाजित, चंद्रदर्शनावर, बदललेली. चौथा शब्द शोभेचा नाही. ब्रिटनने २०२० ची मेची सुट्टी सोमवार ४ वरून शुक्रवार ८ ला नेली आणि ते जून २०१९ मध्ये सांगितलं, तरी तोवर बरीच कॅलेंडरं छापून झाली होती. जपानने ऑलिंपिकसाठी २०२१ च्या तीन सुट्ट्या हलवल्या. कायदा नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस मंजूर झाला, म्हणजे भिंतीवर जुनी तारीख आणि प्रत्यक्षात नवी. अमेरिकेत जूनटीन्थची सुट्टी १७ जून २०२१ ला कायद्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी १८ ला, पाळलीही गेली. जुनी तारीख खोडू नका; ती ठेवून शेजारी नवी आणि बदलाचा आधार लिहा, म्हणजे नंतर विचारणाऱ्याला उत्तर देता येतं.

तपासणी किमान तीनदा करा: नोव्हेंबरच्या शेवटी, कारण तोवर बऱ्याच अधिसूचना आलेल्या असतात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि प्रत्येक चांद्र सुट्टीच्या पंधरा दिवस आधी.

संगणकात भरताना तारीख ही निव्वळ तारीख म्हणून साठवा, वेळ लावू नका. मध्यरात्रीची वेळ लावून साठवलेली सुट्टी दुसऱ्या प्रमाणवेळेत उघडली की एक दिवस मागे सरकते, आणि दोष पंचांगावर जातो.

शेवटी यादी किंवा प्रोग्रॅम या प्रश्नांवर चालवून पाहा: २०२१ च्या अखेरीस अमेरिकेचं नववर्ष दिसतं का, २००७ मध्ये तेत आणि चिनी नववर्ष वेगळे येतात का, २०२६ ला कॅनडाची सुट्टी १८ मेला आणि जपानची २२ सप्टेंबरला येते का, २०३३ मध्ये ईद दोनदा मोजली जाते का, २०४९ चा ईस्टर १८ एप्रिलला पडतो का. एकही उत्तर चुकलं तर तारीख हाताने दुरुस्त करून पुढे जाऊ नका, नियमाच्या रकान्यात परत जा.